आधी पोरीचा अर्ज, मग मंडळाचा

या वेळचं पत्र बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं आहे. थोडं आटोपतं करून देते.

"टीचर, नमस्कार. मी गावच्या युवक मंडळाचा चिटणीस, वय २४. आमची पत्र्याच्या शेडमधली तालीम आहे, लाल मातीचा हौदा आहे. रोज वीसेक पोरं येतात, त्यात तीन मुली. मंडळाचं पस्तीस जणांचं झांजपथकही आहे. आजवर सगळं वर्गणीवर आणि जत्रेतल्या देणगीवर चाललं. यंदा वाटलं, सरकारकडं मागून बघू. बेळगावला तीन ऑफिसं फिरलो. एका ठिकाणी म्हणाले, नोंदणी दाखवा. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, मुदत संपली. तिसऱ्या ठिकाणी फॉर्म हातात दिला, पण ती सरकारी कानडी डोक्यावरून गेली, तसाच परत आलो. निवडणुकीत एका पुढाऱ्यानं स्वतःच्या फोटोचे टी-शर्ट वाटले, तेवढीच काय ती मदत. गावातले वडीलधारे म्हणतात, कर्नाटक सरकारच्या पैशाला हात लावायचा नाही, मागायचं तर महाराष्ट्राकडं. आमच्यातली एक मुलगी तेरा वर्षांची, सातवीत. आई-वडील वीटभट्टीवर. तिची कुस्ती लागली की बाहेरगावचे वस्तादही थांबून बघतात. तिचा मामा म्हणतो, कोल्हापूरला नेऊन ठेवतो. आम्ही आधी काय करावं?"

प्रिय चिटणीस,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मंडळ दिसलं, दुसऱ्यांदा ती पोरगी दिसली. तू तिला पत्राच्या शेवटी घातलीस, मी तिच्यापासूनच सुरुवात करते. तालमीची शेड पुढच्या वर्षीही तिथंच असणार, झांजा आणखी दोन जत्रा वाजतील. पण ही मुलगी येत्या जूनमध्ये आठवीत जाईल, आणि आठवीची वेळ परत येणार नाही.

आठवीचं एवढं काय, ते सांगते. कर्नाटक सरकारचं युवा सबलीकरण आणि क्रीडा खातं क्रीडा वसतिगृहं चालवतं. तिथं शाळकरी मुलांना घेण्याचे टप्पे ठरलेले असतात, आणि आठवी हा त्यातला मोठा टप्पा. निवड झाली की राहणं, जेवणखाण, किट, शाळा आणि प्रशिक्षक, सगळा भार खात्यावर. कुस्तीचं असं वसतिगृह तुमच्या तालुक्याला लागूनच, हल्याळला आहे. नंदगड मागं टाकून सरळ गेलं की हल्याळ. जिल्हा कारवारचा असला तरी बाजारात मराठी ऐकू येतं, तेव्हा पोरगी अगदीच परमुलखात पडणार नाही. त्याच हल्याळ भागातल्या सिद्दी समाजाच्या मुली कुस्ती शिकून राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत गेल्या. त्यांच्याही घरी काही दूधतुपाचे हंडे भरलेले नव्हते.

निवड चाचणीची जाहिरात बहुधा शाळेचं वर्ष संपत येतं त्या सुमाराला निघते. आपण मराठी पेपर वाचतो, जाहिरात कानडी पेपरात येऊन जाते, आणि आपल्याला कळतं तेव्हा कुणीतरी सांगतं, मुदत संपली. तुझ्या दुसऱ्या ऑफिसात हेच झालं असणार. म्हणून डिसेंबर उजाडला की दर पंधरवड्याला बेळगावच्या जिल्हा क्रीडा कार्यालयात एक खेप मार, नाहीतर फोन कर. तिथल्या कुस्तीच्या प्रशिक्षकाला पोरीची कुस्ती एकदा प्रत्यक्ष दाखव. फॉर्म भरण्याआधी ज्यानं तिला लढताना पाहिलंय असा एक माणूस त्या इमारतीत असला पाहिजे.

शाळेच्या स्पर्धा सोडू नको. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ती चढण आहे, आणि प्रत्येक पायरीचं प्रमाणपत्र पुढं कामाला येतं. तिच्या शाळेत पीटीचे शिक्षक नसतील तर मुख्याध्यापकांना भेट आणि तिचं नाव कोण पाठवणार ते तोंडावर ठरवून घे. शाळेनं नाव पाठवलं नाही तर पोरगी कितीही तगडी असली तरी घरी राहते. केंद्र सरकारच्या 'खेलो इंडिया'त निवडलेल्या खेळाडूला प्रशिक्षणाशिवाय महिना १०,००० रुपये हातखर्चाला मिळतात, आणि त्यासाठी गुणी मुलं हेरण्याचा 'कीर्ती' नावाचा उपक्रम मार्च २०२४ मध्ये सुरू झाला, वय ९ ते १८. वीटभट्टीवरच्या घराला महिना दहा हजार म्हणजे काय, ते तुला मी सांगायला नको.

तिच्या आईबापांना मात्र योजनांची नावं सांगत बसू नको. त्यांना तुरमुरीच्या मलप्रभा जाधवची गोष्ट सांग. बेळगाव तालुक्यातलं गाव, शेतकऱ्याचं घर. ती ज्युडोत तयार झाली, मग कुराश हा ज्युडोसारखाच कुस्तीचा प्रकार खेळू लागली, आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत ५२ किलो गटात ब्राँझ घेऊन आली. नावही आपल्या कणकुंबीला उगम पावणाऱ्या नदीचं. मी आईबापांच्या किती बैठका घेतल्या असतील! दिल्ली-हरयाणाच्या मुलींची नावं घेतली की माना डोलतात आणि घरी जाऊन विसरतात. तुरमुरीची पोर म्हटलं की आई पदर सावरून पुढं सरकून बसते.

आता कागदपत्रं. इथं मी लांबण लावणार आहे, कारण या भागातली चांगली चांगली मुलं मी मैदानात हरलेली पाहिली त्याहून जास्त टेबलापाशी हरलेली पाहिली आहेत.

मी सव्वीस वर्षं एका मराठी हायस्कुलात पीटी टीचर होते. एका वर्षी विभागीय खो-खोला संघ घेऊन गेले. त्यात एक मुलगी अशी पळायची की खांबाला हात लावून वळली कधी ते कळायचंच नाही. कागद तपासायच्या टेबलापाशी रांग लागली. शाळेच्या रजिस्टरात तिची जन्मतारीख १ जून, पंचायतीच्या दाखल्यावर ऑक्टोबर महिना. ती १ जून कुठून आली ते तुला ठाऊकच असेल. पहिलीत नाव घालायला आलेल्या आजोबांना तारीख आठवेना, गुरुजींनी शाळा उघडायची तारीख लिहून टाकली. आपल्याकडं घरटी एक १ जूनवाला सापडतोच. टेबलामागच्या माणसानं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, एक बोट या तारखेवर, एक त्या तारखेवर, आणि मान हलवली. पोरीनं बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून बूट गळ्यात अडकवले होते, मैदानात उतरेपर्यंत तळवे झिजू नयेत म्हणून. ते तसेच गळ्यात ठेवून ती परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसली, आणि गाव येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. त्या माणसानं नियम पाळला. चूक माझी. तिचा पंचायतीचा दाखला मी जायच्या आदल्या दिवशी पाहिला होता, सहा महिने आधी पाहायला हवा होता.

तेव्हा तू पहिलं काम हे कर. पोरीचा जन्मदाखला, आधार, शाळेची नोंद, बँकेचं पासबुक, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला असं सगळं एका चटईवर मांड आणि अक्षर न् अक्षर ताडून बघ. इंग्रजी स्पेलिंगकडं तर बारीक लक्ष दे. आपली ज्योती आधारच्या खिडकीवर गेली की तिच्या टीपुढं एच येऊन बसतो. सविताला येतो, स्वातीला येतो, कारण दक्षिणेकडं 'त' तसाच लिहायची रीत आहे. शाळेत एच नाही, आधारवर एच आहे, बँकेत आडनाव गायब आणि नावापुढं बापाच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. गावाला माहीत आहे पोरगी एकच. संगणकाला मात्र तीन दिसतात, आणि शिष्यवृत्ती मंजूर होऊनही खात्यात उतरत नाही. कुठलं एक स्पेलिंग कायम धरायचं ते घरच्यांनी ठरवावं, शक्यतो जन्मदाखल्यावरचं, आणि बाकी सगळं त्याच्या मागं ओढून आणावं. उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या कचेरीतून निघतो, आधारची दुरुस्ती आधार केंद्रात होते, शाळेची नोंद बदलायला मात्र वेळ लागतो. म्हणून सुरुवात शाळेपासून कर.

जन्मदाखला जन्मल्यावर लगेच नोंदवलेला असला तर काळजी नाही. दहाबारा वर्षांनी काढलेला असेल तर त्याच्याकडं संशयानं बघतात, आणि ते तसं बघतात याला कारण आहे. कुस्तीत वय चोरण्याचे प्रकार झालेत. २०२५ मध्ये खोट्या दाखल्यांवरून भारतीय कुस्ती महासंघानं पैलवानांना निलंबितही केलं. दाखला उशिराचा असेल तर दवाखान्याची नोंद, लसीचं कार्ड, अंगणवाडीचं रजिस्टर यांतलं जे मिळेल ते जोडून ठेव. आणि तालमीत येणारा कुणी शहाणा म्हणाला, "वय दोन वर्षं कमी दाखवा, पोरगी पुढं जाईल," तर त्याला तिथंच थांबव. अशी पोरगी एक दिवस पकडली जाते, आणि तेव्हा तो शहाणा कुठंही नसतो.

मध्येच एक सांगते, अर्जाशी त्याचा संबंध नाही. तिचं हिमोग्लोबिन तपासून घे, प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होतं. तेरा वर्षांची पोर, घरी आमटी-भात, वर दोन वेळचा सराव. शेंगदाणे, गूळ, अंडी, नाचणीची भाकरी, एवढ्यावर मंडळानं तिचा खुराक उभा करावा. वजनाच्या गटात बसवायला उपाशी ठेवू नका. आणि डब्यातली पावडर कुणी शहरातून आणून दिली तर तिच्या पोटात जाऊ देऊ नका. त्यात काय मिसळलंय ते आपल्याला दिसत नाही, चाचणीत मात्र दिसतं, आणि बंदी तिच्यावर येते.

मामाचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. कोल्हापूर म्हणजे कोल्हापूर. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागचं मैदान पुरं करून घेतलं आणि त्याच्या अंगालाच १९१५ साली पॅलेस थिएटर उभं केलं, तेच पुढं केशवराव भोसले नाट्यगृह झालं. एका भिंतीच्या अलीकडं कुस्ती, पलीकडं नाटक, आणि दोन्हींच्या मागं दरबारचा पैसा. २०२४ च्या ऑगस्टात ते नाट्यगृह जळालं तेव्हा मला घरातलं कुणी गेल्यासारखं झालं होतं. तेव्हा कोल्हापूरबद्दल माझ्या मनात काही किंतु नाही. पण मामाला दोन गोष्टी विचार. तिथं तिच्या राहण्याचा, खुराकाचा महिन्याचा खर्च कोण देणार, आणि किती वर्षं? आणि ती जिथं झोपेल तिथं जबाबदार बाईमाणूस कोण? हा दुसरा प्रश्न हल्याळच्या वसतिगृहालाही विचारायचा, बेळगावलाही विचारायचा, लाजायचं नाही. तिच्या आईनं ती खोली स्वतः जाऊन बघावी. शिवाय एक लक्षात घ्या, मुलगी ज्या राज्यातल्या शाळेत शिकते त्या राज्याकडून शालेय स्पर्धा खेळते. तिकडं नाव घातलं की ती महाराष्ट्राची खेळाडू, मग इकडच्या खात्याच्या सवलती तिला नाहीत. एक वर्ष तिकडं, एक वर्ष इकडं असं केलं तर दोन्हीकडचं जातं. माझा कौल विचारशील तर आधी हल्याळ किंवा बेळगावची चाचणी होऊ दे. निवड झाली नाही तर मामाचा रस्ता आहेच.

तालमीतल्या मुलग्यांसाठीही एक दार आहे, आणि ते बेळगावातच आहे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात बॉइज स्पोर्ट्स कंपनी आहे. लष्कर आणि भारतीय क्रीडा प्राधिकरण मिळून ती चालवतात. ८ ते १४ वयाची मुलं निवडतात, कुस्ती शिकवतात, शाळा शिकवतात, राहणं-खाणं सगळं तिथंच, आणि पुढं साडेसतराव्या वर्षी मुलगा सैन्यात भरती होऊ शकतो. तुझ्या वीस पोरांत या वयाची दोन-चार तरी असतील. भरती चाचणी कधी आहे ते केंद्रात जाऊन विचार. गावात एखादा मराठा रेजिमेंटमधून निवृत्त झालेला माणूस असेलच, त्याला सोबत घे. त्याच्यासोबत गेलास तर कुठल्या गेटवर कुणाला भेटायचं ते शोधत बसावं लागणार नाही.

आता वडीलधाऱ्यांचं. हे मी जपून लिहिते, कारण त्यांचं दुखणं माझंही आहे. बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची १ नोव्हेंबरला काळ्या दिनाची फेरी निघते, तीत मी चाललेली आहे. १९४६ चं साहित्य संमेलन बेळगावला भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव इथंच झाला, हे माझे वडील आम्हाला जेवताना सांगायचे. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानीची संमेलनं गावकरी पदरच्या पैशानं भरवतात, त्याचा मला अभिमान आहे. पण पैलवान घडायला सात-आठ वर्षं रोजचा खर्च लागतो, आणि एवढा काळ वर्गणी पुरत नाही. तुझी पोरं बूट घेतात, तेल घेतात, दुकानात जीएसटी भरतात, त्यातला वाटा याच राज्याच्या तिजोरीत जातो. तिथून आपल्या पोरीसाठी चार घास परत आणले तर आपण कुणाचे मिंधे होत नाही. सीमाभागासाठी महाराष्ट्रानं केलेला दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. ही पोरगी त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मली. तो निकाल लागेल तेव्हा लागेल, आपण त्यासाठी उभे राहूच, पण तोवर तिचं कुस्तीचं वय संपलेलं असेल. हे एवढंच त्यांच्यासमोर बोल. भांडू नको. जमलं तर पोरीला शेजारी उभी करून बोल.

महाराष्ट्राकडून मिळतं तेही जरूर घ्या. दाव्यातल्या ८६५ गावांत तुमचं गाव असेल तर तिथल्या उमेदवारांसाठी महाराष्ट्रात व्यावसायिक शिक्षणाच्या प्रवेशाची आणि नोकरीची तरतूद आहे. बारावीनंतर तिला त्याचा उपयोग होईल. पण सातवीतल्या पोरीला रोज पहाटे मॅटवर उभी करणारा प्रशिक्षक त्यातून येत नाही.

फॉर्म कानडीत होता म्हणून तू परत आलास, ते वाचून वाईट वाटलं आणि थोडा रागही आला, तुझ्यावर आणि त्यांच्यावरही. भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेल्या तरतुदींत स्पष्ट आहे की जिल्ह्यात किंवा तालुक्यात किमान १५ टक्के लोक जी भाषा बोलतात, त्या भाषेत महत्त्वाचे नियम आणि सूचना भाषांतर करून द्याव्यात. राज्यघटनेच्या ३५० ब कलमाखाली त्यासाठी खास आयुक्त आहेत. ही मागणी ग्रामसभेत ठराव करून लेखी पाठवा, दरवर्षी पाठवा. मात्र त्या मागणीच्या खुंट्याला पोरीचा फॉर्म बांधून ठेवू नको. बहुतेक अर्ज आता राज्य सरकारच्या 'सेवा सिंधू' या संकेतस्थळावर भरतात, तिथं इंग्रजीही आहे. गावाजवळच्या 'ग्राम वन' (Grama One) या सरकारी सेवा केंद्रात बसून भरता येतो. आणि तालमीतली हायस्कूलची पोरं शाळेत कानडी शिकतात की! एकीला जवळ बसवून वाचून घे. तू स्वतःही महिनाभर रोज एक सरकारी परिपत्रक वाच. सरकारी कानडीत तेच तेच तीस-चाळीस शब्द फिरून येतात, ते कळले की पुढचं सोपं जातं. कुमार गंधर्व कानडी घरातले, जन्म १९२४ साली आपल्या सुळेभावीला. मराठी नाट्यपदं आणि कबीराची निर्गुणी भजनं त्यांनी कशी गायली ते जगाला ठाऊक आहे. बेळगावच्या रंगमंदिराला त्यांचंच नाव आहे. त्यांच्या गळ्यात भाषा एकमेकींना आडव्या आल्या नाहीत. आपल्यालाही एका फॉर्मपुरतं ते जमेल.

आता मंडळाकडं येते. तुला पहिल्या ऑफिसात नोंदणी मागितली, ते बरोबरच मागितलं. मंडळाचं नाव फलकावर आहे, पावतीपुस्तकावर आहे, पण सरकारच्या लेखी ते अस्तित्वातच नाही. कर्नाटक संस्था नोंदणी कायदा १९६० चा आहे, किमान सात सभासद लागतात. नियमावली करा, सभा घ्या, इतिवृत्त लिहा, मंडळाच्या नावानं पॅन आणि बँक खातं काढा. वर्गणीची वही खजिनदाराच्या घरच्या कपाटात असेल, ती सनदी लेखापालाकडून दरवर्षी तपासून घ्या. अनुदान देणारी खाती साधारण तीन वर्षांचे हिशेब मागतात. म्हणजे आज नोंदणी केलीत तर पैसा तीन वर्षांनी. म्हणूनच मी पोरीला पुढं काढलं.

एक गोष्ट आजच विचारून ठेव. शेडखालची जागा कुणाच्या नावावर आहे? देवस्थानाच्या, की कुण्या आजोबांच्या? खासदाराला वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी असतो, त्यातून व्यायामशाळा, आखाडा बांधता येतो, पण जागा सार्वजनिक असेल तर काम सरळ होतं. आजोबांनी जिभेवर दिलेली जागा त्यांचे नातू कागदावर मागतात, हे मी तीन गावांत पाहिलंय. ग्रामपंचायतीच्या नावावर जागा करून घ्या, ग्रामसभेचा ठराव करून घ्या, आणि मग लोकप्रतिनिधीकडं जा. टी-शर्ट मागू नका. पक्कं छप्पर मागा, मॅट मागा, अर्जावर शिक्का मारून पोच घ्या. लढतीचं वर्तुळ ९ मीटर व्यासाचं आणि बाजूची सुरक्षेची पट्टी धरून १२ मीटर चौरस जागा लागते, तेवढी तुमच्या शेडमध्ये बसते का, हे मॅट मागण्याआधी टेपनं मोजा. लाल माती राहू दे, जत्रेची कुस्ती मातीतच शोभते. पण बाहेरच्या बहुतेक स्पर्धा मॅटवर होतात, आणि मातीत वाढलेल्या पोराचा पाय पहिल्यांदा मॅटवर अडखळतो.

झांजपथकासाठी कन्नड आणि संस्कृती खात्याची वाद्यं आणि वेशभूषा खरेदीला धनसहाय देणारी योजना आहे. खात्याच्या नावात कन्नड पहिलं आहे म्हणून मागं फिरू नका, संस्कृती तुमच्याकडंही आहे. तिथं उत्सवासाठी पैसे मागण्यापेक्षा वाद्यांसाठी मागितलेलं बरं, झांज कुठल्या भाषेत वाजते असं कुणी विचारत नाही. युवा आणि क्रीडा खात्याच्या युवजन मेळ्यात, म्हणजे युवकांच्या कलास्पर्धांत, भजन आहे, लोकनृत्य आहे, लावणीसुद्धा आहे. तिथं एकदा वाजवून या, खात्यातली माणसं ओळखीची होतात. नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात कर्नाटक सभासद आहे, तसंच तंजावरच्या केंद्रातही. दोन्हीकडं पथकाची माहिती आणि चांगलं चित्रण पाठवून ठेवा.

पथकात १० ते १४ वयाचा, मृदंगावर किंवा गाण्यात खरोखर हात-गळा असलेला कुणी असेल तर दिल्लीच्या सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची शिष्यवृत्ती बघ. वर्षाला ३,६०० रुपये, शिवाय शिकवणीच्या फीपोटी ९,००० पर्यंत. रक्कम लहान आहे, पण पदवीपर्यंत किंवा विसाव्या वर्षापर्यंत चालू राहू शकते, आणि परंपरेनं कला जपणाऱ्या घरातल्या मुलांसाठी काही जागा राखीव आहेत. ज्याच्या घरात तीन पिढ्या भजन आहे अशा मुलाला शोधून काढ. १८ ते २५ मधल्यांना संस्कृती मंत्रालयाची महिना ५,००० रुपयांची, दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे. त्याला गुरूकडं किमान पाच वर्षं शिकल्याचा दाखला लागतो. गावच्या बुवांनी आजवर कुणाला असा कागद लिहून दिला नसेल. पुढच्यासाठी आतापासून द्यायला लावा, कोण कधीपासून शिकतोय याची एक वही बुवांच्या पेटीशेजारी ठेवा.

तर येत्या आठवड्यात तू फक्त दोनच कामं कर. पोरीचे कागद चटईवर मांडायचे, आणि तिच्या मुख्याध्यापकांना भेटायचं. नोंदणीची सभा पुढच्या महिन्यात घेतलीत तरी चालेल.

चाचणीची तारीख कळली की मला लिही. हल्याळला माझी एक जुनी विद्यार्थिनी सासरी आहे. बूट गळ्यात अडकवून माझ्या शेजारी बसली होती, तीच. तिला मी सांगून ठेवलंय. पोरगी आणि तिची आई आदल्या रात्री तिच्याकडं उतरतील, आणि सकाळी टेबलापाशी ती त्यांच्यासोबत उभी राहील.

तुझी,
टीचर